मोठ्या बाईंचे दात

अर्ध्या शहराचं हसू पंक्चरवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांत तयार व्हायचं. खाली चाकांत हवा भरत, वर तोंडांत दात. जिना चढताना आधी रबराचा वास लागायचा, मग ओल्या प्लास्टरचा गार, भिंतीसारखा वास, आणि दार लोटलं की वितळत्या मेणाचा गुलाबी गोडवा थेट घशात उतरायचा. भिंतीवर छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर जबडे. पांढरे, बोळके, आ वासलेले, तळाला पेन्सिलीने नाव आणि तारीख. बँकेच्या मॅनेजरांचा वरचा जबडा वखारवालीच्या खालच्या जबड्याला खेटून बसलेला. रस्त्यात ही दोघं एकमेकांकडे ढुंकून बघत नसत, इथे मात्र वर्षानुवर्षं टाळूला टाळू लावून धूळ खात होती.

या सगळ्या बोळक्यांची मालकीण सतरा वर्षांची होती आणि तिला घरात चिमटी म्हणत. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढीच होती, म्हणून. पुढे अंगाने वाढली, जिभेने तर अंमळ जास्तच वाढली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बोटं मात्र नावासारखीच राहिली होती, बारीक, लांब, आणि एकदा धरलं की न सोडणारी.

मालकीण म्हणजे, कागदोपत्री नव्हे. दारावर पाटी बाबांची होती, गल्लीत 'दातवाले' म्हणून ओळख बाबांची होती आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंकडून येणारं काम बाबांच्या नावाने यायचं. पण दीड वर्षापूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाच्या कपात, मग सहीत, मग मेणात. सांडलेला चहा पुसता येतो. पटाशीचा दात केसभर ढळला तर माणूस बोलताना शिट्टी वाजवत सुटतो, आणि पटाशीचे दात ढळू लागले होते. तेव्हापासून खिडकीजवळच्या स्टुलावर चिमटी बसायची. डॉक्टरीणबाईंनी घेतलेल्या मापात प्लास्टर ओतून जबडा करायचा, त्यावर मेणाची हिरडी उभारायची, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात त्या मेणात रोवायचा, हे सगळं ती करायची. बाबा शेजारी बसून बघायचे आणि चूक सांगायचे. शेवटी मेणाच्या जागी टणक हिरडी शिजवून कवळी पक्की झाली की आई मोटरच्या चाकावर ती घासून अशी लखलखीत करायची की घालणाऱ्यापेक्षा कवळीच तरुण दिसायची.

ही गोष्ट डॉक्टरीणबाईंना कळता कामा नव्हती. कळली असती तर त्यांनी सगळं काम नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याला दिलं असतं, जिथे म्हणे यंत्रात जबडा घातला की पलीकडून दात बाहेर पडतात. मग बाबा संपले असते. म्हणून चिमटी गप्प होती. पण आतल्या आत तिचा जीव नुसता उकळत असायचा. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई फोनवर बाबांना म्हणाल्या होत्या, तुमचा हात अजून काय साफ आहे हो, आणि बाबा लाजून हसले होते. ते साफ हात स्वतःच्या मांडीखाली दाबून चिमटी शेजारीच बसली होती. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी विचारावं, हे दात कुणी केले, आणि तिने उभं राहून म्हणावं, मी. आईला तिने हे एकदा सांगितलं होतं. आईने मोटर बंद न करताच सांगितलं की दातांवर चावणाऱ्याचंही नाव नसतं, तर करणारीचं कुठून असणार, आणि ती प्लास्टरची वाटी धुवायला घे.

आणि अशातच एके दिवशी मापांचा डबा आला. चिमटीने झाकण काढलं, चिठ्ठी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. मोठ्या बाईंची संपूर्ण कवळी, वरची आणि खालची.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या. चिमटीच्याच नव्हे, शहरात पन्नाशीच्या आत जे कुणी होतं त्या सगळ्यांच्या. करडा कोट, करडे केस, काठीसारखा कणा, आणि बंद तोंड. त्या ओरडत नसत. त्या फक्त वर्गाच्या दारात उभ्या राहत आणि पन्नास पोरांची एकदम दातखीळ बसे. शाळा सोडताना चिमटीच्या दाखल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला होता: 'बोटे चपळ, जीभ त्याहून. कामाला लागण्याची शक्यता कमी.' आईने तो दाखला नीट घडी घालून कपाटात ठेवला होता आणि वाद झाला की काढायची.

आता त्याच मोठ्या बाईंचं बोळकं चिमटीच्या तळहातावर होतं. गार, मऊ, मुकं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की लाज वाटावी. दुपारभर तिने बेत रचले. दाढा नखभर उंच बसवल्या तर बाई प्रत्येक शब्दाला टापा वाजवतील. खालची कवळी किंचित सैल ठेवली तर 'शिस्त' म्हणताच शिस्त पुढच्याच्या मांडीवर जाऊन पडेल. ती एकटीच हसत होती, तर बाबांनी विचारलं काय झालं, आणि ती म्हणाली, काही नाही, मेणाचा वास चढला.

अडचण निराळीच निघाली. जुने दात कसे होते ते कळावं म्हणून डॉक्टरीणबाई गिऱ्हाईकाकडून हसरा फोटो मागून घेत. मोठ्या बाईंनी पाठवले होते चार फोटो, शाळेतले, चार वेगवेगळ्या दशकांतले. मागे पोरं बदलत गेली होती, इमारतीला मजला चढला होता, बाईंचे केस काळ्याचे करडे झाले होते. तोंड मात्र चारही फोटोंत बंद. बाबांनी भिंग लावून पाहिलं आणि उसासा टाकला. म्हणाले, जाऊ दे, चेहऱ्याच्या रुंदीवरून माप काढ आणि सरळ लाव. सरळ दातांवर आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

पण चिमटीला ते दात माहीत होते.

दातवाल्यांच्या घरात माणूस लक्षात राहत नाही, दात राहतात. आई समोरच्या इमारतीतल्या बाईला कधी नावाने ओळखायची नाही, 'ती नाही का, सुळ्यावर सुळा चढलेली' म्हणायची. आणि चिमटीने मोठ्या बाईंचे दात पाहिले होते. एकदा, क्षणभर. तेरा वर्षांची होती तेव्हा. शिक्षक आले नव्हते म्हणून बाई स्वतः वर्गावर आल्या आणि एकेकाला उभं करून विचारायला लागल्या, पुढे कोण होणार. कुणी पायलट झालं, कुणी डॉक्टर, एक जण तर थेट राष्ट्राध्यक्ष. चिमटीची पाळी आली. तिने बाईंकडे पाहिलं, हिशोब केला आणि अगदी सरळ मनाने सांगितलं की तुमचे दात पडले की मी करून देईन, बाई.

आणि मोठ्या बाई हसल्या. फुटल्याच. भरून आलेलं काहीतरी एकदम सांडावं तसं ते हसू बाहेर आलं, आणि त्यात पुढच्या दोन दातांमधली रुंद, काळी, बेशरम फट आणि उजवीकडचा जरा वळून शेजाऱ्याशी कुजबुजणारा दात चिमटीला लख्ख दिसला. पुढच्याच क्षणी बाईंचा हात तोंडावर आला. हात खाली गेला तेव्हा तोंड पुन्हा बंद होतं, आणि चिमटीला आठवडाभर ऑफिसच्या दाराबाहेर उभं राहण्याची शिक्षा झाली होती.

आता स्टुलावर बसून तिला ते सगळं पुन्हा दिसलं आणि बदल्याचे बेत कसे कोण जाणे, पातळ होत गेले. जगात हे दात पाहिलेलं आणखी कुणी असेल का? आणि पाहिलेलं माणूस आणि दात करणारं माणूस एकच, असं पुन्हा कधी होणार? तिला एकदम वाटलं की हे आपल्याला सापडलेलं आहे आणि ते परत करायला हवं. खरं सांगायचं तर त्यात औदार्य थोडं होतं आणि मिजास जास्त. बाई आरशात बघतील, आश्चर्याने विचारतील, हे कुणाचं काम, आणि मग.

तिने आधी सरळ दात लावले. बाबांनी पाहिले, मान डोलावली आणि खाली पंक्चरवाल्याकडे गप्पा मारायला गेले. ते जिना उतरल्याबरोबर तिने दिवा पेटवला. मेण घाम फुटल्यासारखं चमकलं, सैल झालं, आणि तिने मधले दोन दात एकमेकांपासून दूर सरकवले. अगदी तेवढेच. उजवीकडचा किंचित वळवला. तिचा श्वास मेणावर पडत होता आणि त्या बोळक्यातून हळूहळू एक माणूस वर येत होतं, पाण्यातून वर यावं तसं, खट्याळ, तोंडाळ, तिच्या ओळखीचं. काम झाल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. आजवर केलेल्या सगळ्या कवळ्या तिला त्या क्षणी खोट्या वाटल्या. तिने डबा बंद केला आणि बाबांना काही सांगितलं नाही.

एरवी मेणातले दात डॉक्टरीणबाईच तोंडात घालून बघत, आणि दातवाल्यांनी तिथे असण्याची पद्धत नव्हती. पण मोठ्या बाईंनी निरोप पाठवला होता की ज्याने वही लिहिली तो तपासताना समोर हवा. म्हणून ठरल्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात उभे होते आणि डबा धरून मागे चिमटी.

मोठ्या बाई खुर्चीत रेलून बसल्या होत्या. खुर्ची आडवी असूनही त्यांचा कणा ताठ होता. गाल आत गेले होते, चेहरा निम्मा झाला होता, पण डोळे तेच. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला, वरची कवळी तोंडात बसवली, खालची बसवली, आणि बाईंच्या हातात आरसा दिला.

बाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांचा डावा हात उठला आणि तोंडावर आला, आणि तिथेच राहिला.

बाबांनी तोवर दात पाहिले होते. ते एकदा चिमटीकडे वळले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

बाईंनी दोन्ही कवळ्या स्वतःच काढून ताटलीत ठेवल्या. बोळक्या तोंडाने, सावकाश, पण एकही अक्षर न सांडता त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी, बाई," बाबा म्हणाले.

तुम्ही मला पूर्वी कधी पाहिलंय का, असं बाईंनी विचारलं. बाबा नाही म्हणाले. मग ही फट कुठून आली? बाबा चाचरले, म्हणाले, फोटोवरून. बाईंनी सांगितलं की फोटोत माझं तोंड बंद आहे, साठ वर्षं ते बंदच आहे. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्या माफी मागायला लागल्या, बाबांकडे न बघताच म्हणाल्या की असं आजवर कधी झालं नव्हतं, वय झालं की होतं, आपण हे काम पलीकडच्या कारखान्याकडे देऊन टाकू. बाबा मान खाली घालून उभे होते. त्यांनी हात पाठीमागे घेतला होता, आणि मागे उभ्या असलेल्या चिमटीला तो थरथरताना दिसत होता.

हाच तो प्रश्न होता, जो तिला हवा होता. विचारणारीही तीच. पण ज्या थाटात तो यायला हवा होता तो थाट कुठेच नव्हता. आता तोंड बंद ठेवलं तर चूक बाबांच्या म्हातारपणावर खपून जाणार होती. उघडलं तर दीड वर्षाचं पांघरूण फाटणार होतं. तिला वाटलं, पळावं.

"मी केले," ती म्हणाली. "बाबांनी सरळ लावायला सांगितले होते. मी त्यांच्या माघारी बदलले. आणि हेच नाही, दीड वर्ष सगळे मीच करते. त्यांचा हात थरथरतो."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांपुढून बहुतेक दीड वर्षातली सगळी तोंडं सरकत होती. त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर मोठ्या बाईंनी बोट वर केलं आणि सांगितलं की तुमचं भांडण नंतर करा, सध्या माझं तोंड रिकामं आहे. मग त्या चिमटीकडे वळल्या.

"कुठे पाहिलेस?"

"वर्गात. तुम्ही हसला होतात."

बाईंनी डोळे बारीक केले. "तू ती होय. दाराबाहेरची."

"हो. आठवडाभर."

"आणि मी तोंडावर हात धरला, तो नाही दिसला?"

"दिसला," चिमटी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही हसू लपवताय."

"हसू कशाला लपवीन?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मला हसायला फार आवडायचं."

चिमटीला थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने दात पाहिले होते, मिलिमीटरपर्यंत पाहिले होते, आणि त्यांच्यावर आलेल्या हाताकडे दातवाल्यांच्या पोरीने लक्षच दिलं नव्हतं. बाईंनी मग दोनचार वाक्यांत सांगून टाकलं, जणू कुणा दुसऱ्याचीच गोष्ट. दोन भाऊ होते, ते त्यांना 'खिडकी' म्हणायचे आणि त्या हसल्या की पडदा ओढ म्हणायचे. आठव्या वर्षी त्या ओठ मिटून हसायला शिकल्या, दहाव्या वर्षी तेही सोडलं. पुढे लोक बंद तोंडाला शिस्त समजले, शिस्तीला शाळेत मागणी होती, आणि बघता बघता त्या मोठ्या बाई झाल्या. शेवटचा दात पडला त्या दिवशी त्या आरशासमोर बसून अर्धा तास एकट्याच हसल्या होत्या, बोळकं तर बोळकं. "आणि तू ते भूत परत आणून माझ्या तोंडात बसवलंस," त्या म्हणाल्या. "हुबेहूब. शाबास म्हणू की पुन्हा बाहेर उभी करू, कळत नाही."

चिमटी रडली नाही. तिला लाज वाटत होती, आणि तितकाच रागही येत होता, कारण ते दात सुंदर होते. तिने आयुष्यात केलेली सगळ्यात खरी गोष्ट ताटलीत पडली होती आणि ती कुणालाच नको होती.

डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या, कारखान्यात चांगली यंत्रं आहेत. मोठ्या बाईंनी विचारलं की यंत्र समोर उभं राहून 'मी केलं' म्हणेल का. आणि मग चिमटीला खास शाळेतल्या आवाजात सांगितलं, "चुकलंय ते खोड आणि पुन्हा लिही. इथेच. माझ्यासमोर."

कोपऱ्यातल्या टेबलावर दिवा पेटला. चिमटीने सुरी तापवली. मधली फट मिटवायची म्हणजे नुसते दोन दात जवळ आणून भागत नाही. दोन हलले की सुळे हलतात, सुळे हलले की दाढा, एकाला न्याय द्यायला चौदांना उठवावं लागतं. मेण पाझरत होतं, दात एकेक करून आपली जागा सोडत होते, आणि ते खट्याळ, तोंडाळ माणूस तिच्या बोटांखाली हळूहळू परत बुडत होतं. तिने त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि बुडू दिलं. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. दोनदा ते डावीकडे, डावीकडे असं पुटपुटले, आणि दोन्ही वेळा ते बरोबर होते. पाऊण तास लागला. वळलेला दात सरळ करताना तिचा हात जरा अडला, मग तोही केला.

बाईंनी दात घातले. आरसा धरला. आधी ओठ नुसते सैल झाले, मग जरा उघडले, मग आणखी. सरळ, पांढरे, एकसारखे दात, बिस्किटाच्या जाहिरातीत असतात तसले. त्यांच्यात बाईंचं काहीएक नव्हतं. असले दात या खोलीतल्या कुणाच्याही तोंडात शोभले असते.

"कशी दिसते?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई छान म्हणाल्या. बाबा छान म्हणाले. बाई चिमटीकडेच बघत होत्या.

"वेगळ्याच दिसता," चिमटी म्हणाली. "ओळखू येत नाही."

"तेच तर," मोठ्या बाई म्हणाल्या आणि आरशाकडे बघून हसल्या. दाढांपर्यंत हसल्या. हावरटासारख्या, थांबायचं नाव नाही, डोळ्यांतून पाणी आलं तरी तोंड उघडंच. ते हसू काही देखणं नव्हतं, आणि चिमटीला ते बघवेना आणि त्यावरून नजरही हटवता येईना. आपल्याला जे दात आवडत नाहीत ते आपण केलेत आणि ते बरोबर आहेत, ही गोष्ट तिच्या गळी उतरायला वेळ लागत होता.

डॉक्टरीणबाईंनी मेणातले दात डब्यात ठेवले. डबा बाबांसमोर धरला, थांबल्या, आणि तो चिमटीकडे वळवला.

"पक्की कवळी कधी देशील?"

चिमटीने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होते, जन्मात कधी दात पाहिले नसल्यासारखे.

"शुक्रवारी," ती म्हणाली.

"बुधवारी," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला बुधवारी जुन्या शिक्षकांकडे जायचंय. सगळे बसतात तिथे. हसायचंय मला."

चिमटीने मनात दिवस मोजले. प्लास्टर, शिजवणं, गार होणं, आईचं चाक. बुधवारी जमलं असतं, ओढूनताणून, आणि हिरडीला कुठेतरी खरखरीत कड राहिली असती.

"शुक्रवारी, बाई," ती म्हणाली. "घाई केली तर टोचतील."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तेच वर्गाच्या दारातलं पाहणं. चिमटी हलली नाही.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शुक्रवारी."